इन्व्हेस्टर येतोय... तयारीला लागा!

प्रेझेंटेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? सेमिनार हॉल, ऐनवेळी रुसलेला प्रोजेक्टर, पहिल्या रांगेत एच.ओ.डी. सर आणि मागच्या रांगेत मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेली जनता! चार जणांचा ग्रुप, त्यातल्या एकाने रात्री तीनपर्यंत जागून पीपीटी केलेली, आणि बाकीचे तिघं सकाळी मेसमध्ये पोहे खाताना विचारतात, "माझी स्लाईड कुठली रे?" तरी मार्क मिळतात. कारण ऐकणाऱ्याच्या खिशातून काही जाणार नसतं.

पण हल्ली आपल्या खान्देशातल्या पोरा-पोरींवर वेगळ्याच प्रेझेंटेशनची वेळ यायला लागलीय. २०२२ साली राज्य सरकारची स्टार्टअप यात्रा जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरली आणि मुलांनी आपापल्या आयडिया मांडल्या. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात इन्क्युबेशन सेंटर आहे. फायनल इयरचा प्रोजेक्ट बरा झाला की कुणीतरी सर म्हणतातच, "अरे, याचं पुढे काहीतरी करा, एक-दोन पैसेवाल्यांना दाखवा." आणि मग एक दिवस खरोखरच कुणाच्या तरी मामांच्या ओळखीने एमआयडीसीतले एखादे उद्योजक, नाहीतर बँकेचे मॅनेजर, नाहीतर पुण्याकडचे इन्व्हेस्टर भेटायला कबूल होतात. अर्ध्या तासासाठी! त्या अर्ध्या तासाची तयारी टीमने कशी करायची, एवढाच या लेखाचा विषय.

बहुतेक टीम काय करतात? पहिल्याच दिवशी पॉवरपॉईंट उघडतात. टेम्प्लेट निळं की हिरवं यावर एक संध्याकाळ जाते. मग 'इंट्रोडक्शन', 'लिटरेचर सर्व्हे', 'ब्लॉक डायग्राम'... म्हणजे सेमिनारचीच पीपीटी, फक्त शेवटच्या 'थँक यू'च्या आधी एक आकडा: आम्हाला १२ लाख रुपये हवेत. माझं म्हणणं असं की सुरुवातच उलटी झाली. पैसे देणारा माणूस आपलं ज्ञान ऐकायला येत नाही, तो विचारायला येतो. त्यामुळे आधी त्याचे प्रश्न लिहून काढायचे, मग उत्तरं शोधायची, आणि स्लाईड अगदी शेवटी करायच्या.

आता याचं उदाहरण अमेरिकेतलं देण्याची गरज नाही, आपल्या अमळनेरचंच आहे. जळगाव आणि धुळ्याच्या मधोमध, सुरत-भुसावळ रेल्वेलाईनवरचं हे गाव. तिथे २९ डिसेंबर १९४५ ला महंमद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. शेंगदाण्याचं तेल, वनस्पती तूप, कपड्याचा साबण असला माल. हीच पुढे विप्रो झाली, हे आपल्याला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या वेळी पाठ असतंच! पण त्यापुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९६६ मध्ये ते वारले. मुलगा अझीम तेव्हा स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. वय २१. म्हणजे आपल्या फायनल इयरच्या पोराएवढं! शिक्षण अर्धवट टाकून तो परत आला आणि कंपनीच्या खुर्चीत बसला. पहिल्याच वार्षिक सभेत एका शेअरहोल्डरने उभं राहून त्याला तोंडावर सुनावलं की, तुझ्याच्याने हे होणार नाही, तू आपले शेअर विकून टाक आणि कुणा जाणत्या माणसाच्या हातात कंपनी दे.

विचार करा, आपल्या टीमला असं कुणी म्हटलं असतं तर? होस्टेलवर येऊन तीन दिवस आपण त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या. पण मला वाटतं, त्या शेअरहोल्डरचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे पैसे त्या कंपनीत होते. तेल कसं काढतात हे त्याने विचारलं नाही, हे पोरगं माझे पैसे सांभाळेल का, हे विचारलं. पुढे प्रेमजींनी जी कामं केली त्यातलं एक मला फार आवडतं. शेंगदाणा हातात चोळून, दाताखाली चावून भाव ठरवायची जुनी पद्धत त्यांनी बदलली आणि नमुना घेऊन, वजन करून, मोजून खरेदी करायची शिस्त आणली, असं त्यांच्यावरच्या लिखाणात आहे. त्या सभेतल्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर काय असणार? आज अमळनेरच्या कितीतरी घरांत विप्रोचे जुने शेअर आहेत, आणि त्या घरांची काय भरभराट झाली ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. प्रश्न विचारणारा माणूस आपला शत्रू नसतो, बरं का.

बरं, आता आपल्यावर येऊ. समजा, आपल्या टीमने केळीच्या खोडापासून धागा काढायचं मशीन बनवलंय. (रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून दुसरं काय सुचणार!) केळीच्या एका झाडाला एकदाच घड लागतो, घड कापला की खोड वाया जातं, शेतकऱ्याला ते बाहेर काढायचा खर्चच येतो. या खोडातून धागा निघतो. प्रॉब्लेम खरा आहे, मशीन चालतंय, मार्क पण मिळालेत. आता १२ लाख मागायचेत. तर एक कोरा कागद घ्या. लॅपटॉप बंद! आणि हिशोब मांडा. खालचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला.

एक मशीन बनवायला ९० हजार खर्च येतो आणि ते आपण सव्वा लाखाला विकणार. म्हणजे एका मशीनमागे ३५ हजार सुटतात. शेडचं भाडं १५ हजार, दोन हेल्परचा पगार ३० हजार, वीज आणि गाडीभाडं २५ हजार, असा महिन्याचा ठरलेला खर्च ७० हजार. म्हणजे महिन्याला दोन मशीन विकली तर आपण फक्त शून्यावर येतो. तिसरं मशीन विकलं तर ३५ हजार उरतात. त्या वेगाने १२ लाख परत यायला ३४ महिन्यांच्या वर लागतात. चार विकली तर महिन्याला ७० हजार, म्हणजे साधारण १७ महिने. आणि या सगळ्यात तुम्ही चौघांनी स्वतःसाठी एक रुपया पगार धरलेला नाही! समोरचा माणूस हे पहिल्यांदा विचारणार, "तुम्ही खाणार काय?" (मेसचं बिल बाबा भरतात, हे उत्तर चालत नाही.)

आता बघा, या एका कागदाने काय केलं. 'मशीनची एफिशियन्सी किती' हा आपला लाडका प्रश्न मागे पडला आणि 'महिन्याला तीन मशीन कोण घेणार' हा प्रश्न पुढे आला. त्याच्या मागोमाग त्याहून अवघड प्रश्न येतो. शेतकरी मशीन घेईल, धागा काढेल, पण तो धागा विकत कोण घेतंय? शेतकऱ्याच्या धाग्याला गिऱ्हाईक नसेल तर आपल्या मशीनलाही नाही. याचं उत्तर गुगलवर नाही, त्यासाठी उन्हात फिरावं लागतं. दहा शेतकऱ्यांना भेटा, त्यांच्यातले किती जण 'घेईन' म्हणाले आणि किती जण 'फुकट द्याल तर घेईन' म्हणाले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवा. जून-जुलैत लागणारी मृग बाग आणि ऑक्टोबरनंतरची कांदे बाग, दोन्हींची कापणी वेगवेगळ्या वेळी येते. म्हणजे खोड वर्षात कधी किती मिळणार आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा कधी खेळणार, हेही त्यातच कळेल. दहा शेतकऱ्यांची ही वही घेऊन जाणारी टीम आणि 'ग्लोबल नॅचरल फायबर मार्केट'चा ग्राफ घेऊन जाणारी टीम, यात कोणाला पैसे मिळतील हे सांगायला एम.बी.ए. लागत नाही.

१२ लाखांच्या बदल्यात काय देणार, हाही हिशोब पोरं हसत हसत करून टाकतात. "सर, २० टक्के शेअर देऊ." अरे, १२ लाखाला २० टक्के म्हणजे अख्ख्या कंपनीची किंमत तुम्ही ६० लाख लावलीत! अजून एकही मशीन विकलेलं नाही. समोरचा लगेच विचारणार, साठ लाख कुठून आले? उत्तर तयार नसेल तर आकडा सांगूच नका.

तो माणूस कोण आहे, यावरही बरंच काही अवलंबून आहे. बँकेच्या मॅनेजरला तुमच्या शेअरमध्ये काडीचा इंटरेस्ट नसतो. त्याला हप्ता हवा. दर महिन्याला हप्ता भरण्याइतके पैसे उरतात का, तुमचे स्वतःचे किती टाकताय, यंत्रसामग्रीची कोटेशन कुठे आहेत, हे तो बघतो. मुद्रा योजना २०१५ पासून आहे, पंतप्रधान रोजगार निर्मितीची योजना जिल्हा उद्योग केंद्रातून होते, तिथे प्रोजेक्ट रिपोर्टचा नमुनाही मिळतो, तो आधी जाऊन आणा. याउलट शेअर घेणारा इन्व्हेस्टर हप्ता मागत नाही, पण पाच वर्षांनी हा धंदा किती मोठा होईल ते विचारतो. महिन्याला तीन मशीनवर तो खूश होणार नाही. आणि एमआयडीसीतले काका? ते तुमचं मशीन उलटं करून बेअरिंग कुठल्या कंपनीचं टाकलंय ते बघतील. तिघांना एकच पीपीटी दाखवणं म्हणजे मॅथ्सच्या पेपरला मेकॅनिक्स लिहिण्यासारखं आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या भागात 'गुंतवणूक' हा शब्द काढला की घरातली मोठी माणसं गप्प होतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टीस्टेट पतसंस्थेत हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले, २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली. कुणाच्या मुलीच्या लग्नाचे, कुणाच्या रिटायरमेंटचे. जळगावात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. त्यामुळे तुम्ही स्टेजवरून "सर, दोन वर्षांत डबल, गॅरंटी!" म्हणालात, की समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी पडलीच समजा. गॅरंटी हा शब्दच पीपीटीतून काढून टाका. शेअर बाजारातल्या सल्लागारांनासुद्धा सेबी परताव्याची हमी देऊ देत नाही, म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत जोखमीचं वाक्य भराभर वाचतात ते उगीच नाही. त्यापेक्षा काय बिघडू शकतं ते आपणच सांगावं. करपा आला, भाव पडला, धागा घेणारा व्यापारी पळाला, तर काय? आणि हो, इन्व्हेस्टर मिळाला नाही म्हणून मावशी-काकांकडून आणि गल्लीतल्या लोकांकडून 'व्याजाने देतो' म्हणत ठेवी गोळा करायच्या भानगडीत पडू नका. २०१९ पासून विनापरवाना ठेव योजनांवर बंदीचा कायदा आहे. नातेवाइकांकडून उसने घेणं वेगळं आणि लोकांकडून ठेवी जमवणं वेगळं.

'नाही चाललं तर काय' या प्रश्नाला पोरं फार घाबरतात. खरं तर याचंही उत्तर जळगावातच आहे. भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर रॉकेल विकण्यापासून धंदा सुरू केला, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण मला १९७८ ची गोष्ट जास्त कामाची वाटते. त्यांनी केळीची पावडर करायचा एक जुना कारखाना विकत घेतला आणि तिथे पावडर न करता पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली. यंत्रं तीच ठेवून, थोडे बदल करून, माल दुसरा! आपल्या मशीनचंही असंच बघता येईल. धागा नाही चालला तर हाच रोलर खोडाचा भुगा करून खतासाठी देऊ शकतो का? हे आधीच करून बघितलं असेल तर 'प्लॅन बी' अशी मोठी स्लाईड लागत नाही, एका वाक्यात सांगता येतं. त्याच जैन इरिगेशनला पुढे २०१९ च्या सुमारास कर्जाचे हप्ते जड गेले आणि २०२२ मध्ये बँकांशी बसून मार्ग काढावा लागला, हेही लक्षात असू द्या. म्हणजे कितीही मोठं झालं तरी पैसे देणाऱ्यासमोर कागद घेऊन बसणं काही चुकत नाही.

आता टीम. माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. आपल्याला सवय व्हायवाची. रोल नंबरप्रमाणे प्रश्न, ज्याचा त्याचा भाग ज्याला त्याला. सर्किट माझं, बॉडी त्याची, कॉस्टिंग तिचं. इन्व्हेस्टरसमोर हे चालत नाही. तो मुद्दाम इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला विचारतो, "एक मशीन कितीला पडतं?" तो म्हणतो, "ते ती सांगेल." मग ती म्हणते ९० हजार, आणि तेवढ्यात तिसरा उत्साहाने म्हणतो, "नाही नाही, ८५ पण होईल!" संपलं! पाच हजारांचा फरक मोठा नाही, पण समोरच्याला कळलं की हे चौघं एका ठिकाणी बसून एकदाही बोललेले नाहीत.

म्हणून ही एक गोष्ट कराच. किती पैसे हवे, ते कशावर खर्च होणार, ते परत कसे आणि कधी येणार, या तीन प्रश्नांची उत्तरं चौघांनाही झोपेतून उठवून विचारली तरी तीच आली पाहिजेत. त्यासाठी आकड्यांची फाईल एकच ठेवा, एकाच्याच लॅपटॉपवर, आणि बदल झाला की त्याने सगळ्यांना सांगायचं. 'फायनल', 'फायनल न्यू' आणि 'फायनल न्यू खरंच फायनल' अशा तीन फाईल चार पेनड्राईव्हवर असतील तर तुमचा सत्यानाश ठरलेला! बोलायचं मात्र दोघांनीच. एकाने विषय आणि मशीन, एकाने हिशोब. चौघांनी दोन-दोन मिनिटं माईक फिरवला की ते गॅदरिंगचं सूत्रसंचालन वाटतं. उरलेल्या दोघांचं काम सोपं नाही. एकाने समोरचा काय विचारतोय ते शब्दन्‌शब्द लिहून घ्यायचं, दुसऱ्याने मशीन चालवून दाखवायचं. आणि ज्याने प्रोजेक्टमध्ये काहीच केलेलं नाही त्याचं काय? दोस्ती खात्यात सेमिनारला घेता येतं, इथे घेऊ नका. वाईट वाटलं तरी चालेल.

तालीम कुणासमोर करायची? एकमेकांसमोर मुळीच नाही, आपल्याला आपलं सगळं कळतच असतं. होस्टेलवरच्या कॉमर्सवाल्या भावाला बसवा, मेसच्या काकांना बसवा. मेसचे काका तर बेस्ट! रोज तीनशे पानांचा हिशोब तोंडी करणारा माणूस तुमच्या कॉस्टिंगमधली भोकं पाच मिनिटांत काढतो. त्यांना सांगा, काका, तुमचे १२ लाख आहेत असं समजून विचारा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पण आमची आजी घरी अहिराणीच बोलते. तिच्यासमोर कुठलंही प्रोजेक्ट मांडलं तर तिचा एकच प्रश्न असेल, "मन्हा पैसा कवय वापस येतीन?" याचं उत्तर तिला कळेल अशा शब्दांत देता आलं की समजा तयारी झाली.

भाषेचं पण तेच. इंग्लिश मीडियमवाल्यांना वाटतं आपलं फाडफाड इंग्रजी ऐकून इन्व्हेस्टर खूश होईल. इथला व्यापारी, बागायतदार, सराफ मराठीत, हिंदीत, घरी अहिराणीत नाहीतर मारवाडीत बोलतो आणि हिशोब त्याच भाषेत करतो. 'स्केलेबल' आणि 'डिसरप्टिव्ह' म्हटलं की तो मान डोलावतो आणि मनात म्हणतो, "पोरं हुशार आहेत, पण धंद्याचं काय भो?" स्लाईडवर आकडे ठेवा, बोलणं त्याच्या भाषेत करा. पुण्याहून कुणी आलं तर इंग्रजी आहेच.

बाकी किरकोळ. लाईट जाते, त्यामुळे तोच एक पानाचा हिशोब छापून चार-पाच प्रती जवळ ठेवा. मराठी स्लाईड केल्या असतील तर पीडीएफ करून न्या, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टची अक्षरं बाराखडी सोडून पळतात. मे महिन्यात दुपारची वेळ घेऊ नका, जळगाव-भुसावळच्या ४५ डिग्रीत कुणाचंही डोकं चालत नाही. आणि स्लाईड दहाच्या वर नको. धाग्याची एक लडी मात्र नक्की न्या आणि पहिल्या मिनिटाला त्यांच्या हातात द्या. ती हातात असेपर्यंत माणूस ऐकत राहतो.

उत्तर येत नसेल तर "माहीत नाही सर, शुक्रवारपर्यंत कळवतो" म्हणायचं. व्हायवात ठोकतो तसं ठोकून द्यायचं नाही, समोरचा तीस वर्षं धंदा करतोय. लिहून घेणाऱ्याच्या वहीतले असे सगळे प्रश्न त्याच रात्री वाटून घ्या. बैठकीच्या शेवटी बहुतेक वेळा 'बघू' हा शब्द ऐकायला मिळतो. आपल्याकडे 'बघू'चा अर्थ नेहमी 'नाही' असाच होत नाही. निघताना विचारून घ्या, "सर, आमच्या कुठल्या आकड्यावर तुमचा विश्वास बसला नाही?" ते जो आकडा सांगतील, तेवढाच पुन्हा तपासा, गरज पडली तर परत रावेरला जाऊन या. आणि शुक्रवारी फोन चौघांपैकी एकानेच करायचा, ज्याने हिशोब सांगितला होता त्याने.